सत्तावन्न गोळ्या

पहाटे ५.४०

आषाढातला पाऊस पत्र्यावर कोसळत असतो तेव्हा फोन उशाशीच ठेवावा लागतो, नाहीतर ऐकू येत नाही. कुंभारवाड्याच्या पलीकडच्या एका वाडीतली मुलगी बोलत होती. तिच्या घरात रेंज नाही, वरच्या माळावर चढून यावं लागतं. म्हणजे ही पोर अंधारात छत्री आणि बॅटरी घेऊन निघाली असणार.

"अक्का, बाबा रात्रभर कण्हत होते. आता ओरडायला लागलेत."

तिच्या वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, हाडांत उतरलेला. शहरातल्या इस्पितळाने एप्रिलमध्ये 'आता घरी न्या' म्हणून सांगितलं. तेव्हापासून मॉर्फिनच्या दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या चालू आहेत. मी विचारलं, "गोळ्या संपल्या काय?"

"नाही. आहेत. येतानाच मोजल्या. सत्तावन्न आहेत."

मी नर्स नव्हे. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाणाऱ्या आमच्या छोट्या मंडळाचा मी हिशेब सांभाळते, म्हणून तो आकडा मला टोचला. नऊ दिवसांपूर्वी चौदा दिवसांच्या चौऱ्याऐंशी गोळ्या दिल्या होत्या. दर चार तासांनी एक आणि झोपताना दोन एकदम, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. दिवसाला सहा. नऊ दिवसांत चोपन्न जायला हव्या होत्या आणि तीस उरायला हव्या होत्या. उरल्या होत्या सत्तावन्न. मुलगी बापाला निम्म्याच देत होती.

"का गं असं केलंस?"

बराच वेळ फोनमधून नुसता पाऊस ऐकू आला. मग म्हणाली, "संपल्या की परत गाडी करावी लागणार ना, अक्का. पुरवून वापरत होते."

६.०५

मंडळाच्या सिस्टरला उठवलं, तिने डॉक्टरांना. मुलगी तोवर माळावरच थांबून राहिली. डॉक्टर म्हणाले, कागदावर लिहिलंय तसंच द्या, आत्ता एक, मग घड्याळ लावून. पोट साफ होण्याची गोळी चुकवू नका. सिस्टरला आजच पाठवा. मी मुलीकडून ते तीन-तीनदा म्हणून घेतलं. शेवटी सांगितलं, "आम्ही दुपारी येतो. आणि आज रात्री बाबांना झोप लागली तर ते सांगायला माळावर चढू नकोस. दुखलं तरच फोन कर."

७.३०

रामनगरात आमच्या घराच्या पडवीतच मंडळाचं कपाट आहे. दोन एअरमॅट्रेस, एक व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, मोठ्या माणसांचे डायपर, लघवीच्या पिशव्या, गॉज, खोबरेल. आणि हिशेबाच्या तीन वह्या. रोज निघण्यापूर्वी मी पाकिटं भरते. वर नाव घालत नाही, फक्त वहीतला आकडा घालते. पाकीट कुणाच्या हाती पडलं तर घरातलं दुखणं गावभर व्हायला नको.

आमचा निधी छोटा आहे आणि तो कशासाठी आहे हे ठरवायला आम्हाला दोन वर्षं लागली. सुरुवातीला वाटायचं, ऑपरेशनला मदत करावी, मोठ्या बिलाला हातभार लावावा. पण बीपीएल कार्ड असलेल्या कुटुंबाला आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेतून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, २०१८ पासून. त्यात त्रुटी आहेत, चकरा आहेत, पण ऑपरेशन होतं, किमो होते. ही योजना इस्पितळातल्या खाटेवर चालते. माणूस खाटेवरून उठून घरच्या चटईवर आला की तिथून पुढचा खर्च ज्याचा त्याचा. खरी ओढाताण तिथून पुढे सुरू होते: गाडीभाडं, डायपर, ड्रेसिंग, नळीतून द्यायचं पातळ अन्न, आणि सगळ्यात मोठा पण कुठल्याच बिलावर न दिसणारा खर्च, म्हणजे राखणीला बसलेल्या माणसाचा बुडालेला रोज. कामाला न गेल्याची पावती कोण देणार?

म्हणून आमच्या वहीत तीनच रकाने आहेत: गाडी, सामान, रोज. इस्पितळाच्या बिलाचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही.

हे माझं स्वतःच्या घरातून आलेलं शहाणपण आहे. माझ्या वडिलांना शहरातल्या एका इस्पितळाने असंच घरी पाठवलं होतं. वेदनेवर काय द्यायचं ते कुणी सांगितलं नाही, चिठ्ठीवर पॅरासिटामॉल लिहिली होती. त्यांना झोपवून आणायला गाडी केली, त्या भाड्यासाठी दुभती म्हैस विकली. वडील पुढे सात आठवडे जगले. त्या सात आठवड्यांत घरात दूध नव्हतं. ते शेवटी शेवटी फक्त दूध मागायचे.

८.४५

ड्रायव्हरकाकांची ओम्नी निघाली. पुढे सिस्टर, मागे मी आणि गुंडाळलेली एअरमॅट्रेस. जगलबेट मागे टाकलं की जंगल दोन्ही बाजूंनी रस्त्यावर येतं. गणेशगुडीला काळी नदीवरचं सुपा धरण, १०१ मीटर उंच. जुनं सुपा गाव त्याच्याच पाण्याखाली आहे. आमची माणसं तिथली, तिथून उठून रामनगरात बसवलेली. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की जुन्या गावाच्या खुणा वर दिसतात आणि म्हातारी माणसं बघायला जातात. तालुक्याचं ठाणंही तेव्हाच सुप्याहून जोयड्याला आलं.

जोयडा हा उत्तर कन्नडमधला विस्ताराने सर्वांत मोठा तालुका, आणि २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ५२ हजारांच्या आसपास. चौरस किलोमीटरला तीस माणसंही नाहीत. शहरातले देणगीदार मला विचारतात, "वीस पेशंटांना एवढं पेट्रोल कसं लागतं?" त्यांना हाच आकडा सांगते. त्यातून काळी व्याघ्र प्रकल्पातली काही घरं पुनर्वसनाचं पॅकेज घेऊन बाहेर पडली. ज्यांनी घेतलं त्यांना मी नावं ठेवत नाही. पण मागे राहिलेल्या घराला शेजार उरला नाही. आजाऱ्यापाशी तासभर बसायला पूर्वी शेजारीण यायची, आता तिचं घरच तिथे नाही.

१०.१५

पहिलं घर, गणेशगुडीच्या पुढे. वैनींना स्तनाचा कॅन्सर, जखम बाहेर फुटलेली. घरातली सगळी रोपलावणीला गेलेली. लावणीचे दिवस आमच्यासाठी वर्षातले सगळ्यात अवघड, कारण शेत थांबत नाही. वैनींजवळ त्यांचा धाकटा होता, पंचविशीतला. गोव्यात हॉटेलात कामाला होता, आईसाठी चार महिने झाले नोकरी सोडून आलाय.

दारातूनच वास यायचा पूर्वी. त्या वासामुळे वैनींनी नातवाला जवळ बोलावणं बंद केलं होतं. सिस्टरने गेल्या महिन्यात मुलाला शिकवलं: अर्धा लिटर पाणी उकळून त्यात चमचाभर मीठ, गार झालं की त्याने जखम धुवायची, मग मेट्रोनिडाझोलची गोळी खलात बारीक कुटून तिची पूड जखमेवर भुरभुरायची. गोळी अगदी स्वस्तातली. वास चार-पाच दिवसांत उतरला. आज गेलो तेव्हा नातू आजीच्या पायाशी बसून चिंचोके खेळत होता.

मुलगा हात धुऊन जखम उघडतो ती पद्धत बघण्यासारखी आहे. जुना गॉज तो ओढत नाही. मिठाचं पाणी सोडून सोडून भिजवतो, मग तो आपोआप सुटतो. वैनी छताकडे बघत राहतात. तो तेवढा वेळ त्यांच्याशी बैलाविषयी बोलतो, कुठल्या वाफ्यात किती रोप लागलं ते सांगतो. सिस्टर मला हळूच म्हणाली, याला कुठल्याही इस्पितळात नोकरी मिळेल.

त्याला पाकीट दिलं: रोज, आठवड्याचा. हा रकाना आमच्या मंडळात भांडून घातलेला आहे. दोघा सभासदांचं म्हणणं होतं की आईची सेवा करायला मुलाला पैसे कसले द्यायचे, ते त्याचं कर्तव्य. मी म्हटलं, कर्तव्य तो करतोच आहे, त्याच्या बायकोने तांदूळ कशाने आणायचे? आणि हातात रोख द्यायचे की दुकानदाराकडे परस्पर भरायचे, यावरही वाद झाला. मी रोखीच्या बाजूची आहे. ज्याला आपण आईची जखम धुवायला पात्र मानतो, त्याला हजार रुपये कसे खर्चायचे ते समजत नाही असं कसं मानायचं? त्याने एकदा त्या पैशांतून आईला नवी साडी घेतली. वहीत मी 'सामान' म्हणून लिहिलं आणि सभेत साडी म्हणूनच सांगितलं.

१२.३०

जोयडा. एका म्हाताऱ्या जोडप्यातल्या आजोबांची संध्या सुरक्षा पेन्शन अडकली आहे. पासष्टीपुढच्यांना ही पेन्शन मिळते, महिना बाराशे रुपये. आजोबा अर्धांगाने पडून आहेत, अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटत नाही. एका कचेरीत मी तिसऱ्यांदा गेले. माणसाला घेऊन या, म्हणाले. माणूस उठत नाही म्हणून तर मी आले आहे, हे मी शांतपणे सांगितलं, फोटो दाखवला, डॉक्टरांचा दाखला दाखवला. आज निदान अर्ज घेतला आणि पोचपावतीवर शिक्का मारून दिला.

दान गोळा करण्यापेक्षा हे काम जास्त मोलाचं आहे असं माझं मत झालंय. बाराशे पेन्शनचे, घरातल्या बाईच्या नावावर गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार, रेशनचा तांदूळ. एवढं वेळेवर आलं तर कित्येक घरांना आमच्या पाकिटाची गरज निम्म्याने कमी होते. हक्काचं आधी मिळवायचं, उरलेल्या भोकाला दानाचं ठिगळ लावायचं. पण त्यासाठी कुणाला तरी दिवसभर रांगेत उभं राहावं लागतं, आणि ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याला तेच शक्य नसतं.

२.००

रस्त्याकडेला गाडी लावून भाकरी खाल्ली. बेळगावच्या एका गृहस्थांचा फोन आला. भला माणूस, मोठी रक्कम द्यायला तयार. मदत देतानाचा पेशंटचा फोटो मात्र हवा म्हणत होते. मी नाही म्हटलं. खाटेवरचा माणूस फोटोला नको म्हणू शकत नाही, कारण समोरच्याच्या हातात पाकीट असतं. त्यांना म्हटलं, हिशेबाची वही दाखवीन, पावती देईन. देणगीवर आयकरात सवलत मिळेल तीही समजावून सांगितली: दोन हजारांवरची रक्कम रोखीने दिली तर सवलत मिळत नाही, तेव्हा बँकेतून पाठवा. ते विचार करतो म्हणाले. पैसे येतीलही, नाहीही येणार.

३.१०

कुंभारवाड्याच्या पुढे गाडीचा रस्ता संपला. पुढे वहाळ, त्यावर आडवी टाकलेली दोन लाकडं, मग चढ. सिस्टरने पायांना मीठ-तंबाखूचं पाणी चोळलं, तरी जळवा लागल्याच. मॅट्रेस काकांनी डोक्यावर घेतली.

घर स्वच्छ सारवलेलं. चुलीपाशी ऊब होती तिथेच मुलीच्या बाबांची, आमच्या मामांची, चटई. सकाळपासून तीन वेळा गोळी गेली होती, सहाला, दहाला आणि दोनला. मामा जागे होते, कपाळावर आठी होती पण ओरडत नव्हते. सिस्टरने त्यांना विचारलं, "रुपयातलं किती आणे दुखतंय?" हा तिचा प्रश्न. एक ते दहाचे आकडे म्हाताऱ्या माणसांना कळत नाहीत, आणे कळतात. मामा म्हणाले, "पहाटे सोळा आणे होतं बाय. आता सहा."

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. एकोणीस-वीस वर्षांची असेल. चूक पकडली गेल्यासारखी उभी होती, आणि मला तेच सहन होईना. मी तिला बाहेर पडवीत घेऊन बसले. तिने सगळं सांगितलं. गेल्या खेपेला इस्पितळात जायला-यायला जीप केली, साडेचार हजार. ते अजून पुरते फिटलेले नाहीत. मग शेजारच्या गावातलं कुणीतरी म्हणालं की या गोळ्यांची सवय लागते. त्यामुळे तिला वाटलं, कमी दिल्या तर दोन्ही साधेल: बाबांना सवय लागणार नाही आणि गाडीही पुढे ढकलता येईल. पोरीने नीट विचार केला होता. हातात पैसा नसला की नीट विचार केलेलाही असा अंगावर येतो.

गोळी काही रुपयांची. महाग आहे ते तिथवर जाणं. १९८५चा अंमली पदार्थांचा कायदा इतका कडक होता की इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं होतं. २०१४ साली संसदेने तो दुरुस्त केला, परवान्यांचं जंजाळ कमी केलं. तरीही गोळी मिळते ती मान्यताप्राप्त संस्थेतच, चिठ्ठीवर, नोंद करून. ते योग्यच आहे. पण अशी संस्था आमच्या लोकांच्या पायवाटेपासून फार लांब असते. अणशी घाटात दरड आली की कारवारची बाजू तर बंदच.

मी तिच्यासमोर वही उघडली आणि 'गाडी' या रकान्यात तिच्या घराचा आकडा लिहिला. पुढच्या गोळ्या तिने आणायच्या नाहीत. कार्ड आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन सिस्टर सोमवारी जाईल, आणखी दोघांच्या गोळ्या त्याच फेरीत येतील, भाडं मंडळाचं. जीपवाल्याचे राहिलेले दोन हजार मी आजच पाकिटात घातले. ती घेईना. म्हणाली, नाचणी निघाली की देते परत. मी म्हटलं, परत करायचे नाहीत. मग ती म्हणाली, "मग मी काय देऊ?"

तिला आम्ही एक काम दिलं. तिचं अक्षर चांगलं आहे, रामनगरला मराठी शाळेत शिकलेली. त्या बाजूच्या तीन वाड्यांत अंथरुणाला खिळलेलं कोण कोण आहे त्याची यादी तिने करायची. केरळात असंच होतं. कोझिकोडला १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी वेदनाशामक उपचारांची संस्था उभी केली आणि पुढे मलप्पुरमच्या बाजूला गावोगावचे लोक स्वतः उभे राहिले, वर्गणी काढून, घरोघर जाऊन. डॉक्टर-नर्स मागे, शेजारी पुढे. मी ते ऐकलं तेव्हा वाटलं होतं, तिथली वस्ती दाट आहे, आमच्याकडे जमणार नाही. आता वाटतं, वस्ती विरळ आहे म्हणूनच प्रत्येक वाडीत एक असं माणूस हवं.

आत सिस्टर मामांना कुशीवर वळवून पाठ बघत होती. माकडहाडापाशी रुपयाएवढी लाली आली होती, कातडी अजून शाबूत. वेळेवर पोचलो. मॅट्रेसचा पंप विजेवर चालतो आणि पावसात वीज दोन-दोन दिवस नसते, म्हणून मुलीला दोन तासांनी कूस बदलायलाही शिकवलं. गुडघ्यांमध्ये उशी, टाच चटईला टेकू द्यायची नाही. मामा वळताना म्हणाले, "किती जणांना कामाला लावलं मी." मुलगी चटकन म्हणाली, "आम्ही लहान होतो तेव्हा तुम्ही एकटेच लागला होता ना कामाला." मग दोघंही गप्प.

५.४५

परतीच्या वाटेवर काका म्हणाले, १०८ नंबरची गाडी एवढ्या लांब येते तर मामांसारख्यांना घरी सोडायला का येत नाही? खरं आहे. १०८ तातडीच्या वेळी इस्पितळात नेते. बाळंतिणीला आणि बाळाला घरी सोडायला सरकारची 'नगु-मगु' गाडी आहे, आणि ती फार चांगली गोष्ट आहे. अखेरचे दिवस काढायला घरी निघालेल्या माणसाला तशी गाडी नाही. तालुक्याला एक असती तर आमच्या वहीतला पहिला रकाना जवळजवळ पुसला गेला असता. हे आम्ही लेखी कळवलंय, पुन्हा कळवणार आहोत.

शहरात या कामाला घरं आहेत. मुंबईत १९८६ साली डॉ. एल. जे. डिसोझा यांनी शांती आवेदना सुरू केलं, देशातलं पहिलं हॉस्पिस. त्याची एक शाखा गोव्यात लोटलीला आहे. बंगळुरात करुणाश्रय आहे, तिथे पेशंटकडून पैसे घेत नाहीत. जोयड्यातल्या काहींना मी तिथे जाण्याबद्दल सुचवलंही. बहुतेक जण नको म्हणतात. त्यांना आपल्या चुलीजवळ, आपल्या माणसांत राहायचं असतं, आणि पावसाच्या आवाजात डोळे मिटायचे असतात. मग आमचं काम एवढंच, की ती इच्छा घरच्यांना कर्जात घालणारी ठरू नये.

७.३०

घरी आले तर पडवीत एक जोडपं वाट बघत बसलेलं. डिग्गीच्या बाजूचं. त्यांची आई गेल्या आठवड्यात वारली. एअरमॅट्रेस परत आणली होती, साबणाने धुऊन, वाळवून, नळ्या नीट गुंडाळून. पावसाळ्यात ती कशी वाळवली असेल कोण जाणे, बहुतेक चुलीवरच्या माळ्यावर, कारण तिला धुराचा वास येत होता. सोबत किलोभर तांदूळ आणि न वापरलेले सहा डायपर. चहा केला. बाई म्हणाली, "आई गेली तेव्हा अंगावर एकही जखम नव्हती." एवढं सांगायला ती दोघं बस बदलत आली होती.

वहीत लिहिलं: मॅट्रेस क्रमांक ३, परत, चांगल्या स्थितीत. डायपर ६, जमा. तांदूळ १ किलो, जमा. तांदूळ उद्याच उळवीच्या रस्त्यावरच्या आजींकडे जाईल. रोकड मोजली, पाकिटांच्या आकड्यांशी ताळा केला. शिल्लक पाहता 'रोज'चा रकाना ऑगस्टअखेर जेमतेम पोचेल. गणपतीत मंडळांकडे जायचं, गोव्यात कामाला असलेली पोरं चतुर्थीला गावी येतात तेव्हा त्यांना गाठायचं, जानेवारीत जोयड्याच्या कंदमुळांच्या मेळ्यात डबा ठेवायचा. बेळगावच्या गृहस्थांचा फोन आलेला नव्हता.

९.००

फोन वाजला नाही.

१०.००

नाही वाजला. मामांची झोपतानाची वेळ झाली, दोन गोळ्या एकदम. आता तिच्याकडे किती उरल्या असतील ते मी मनातल्या मनात मोजलं: सत्तावन्नातून आजच्या सहा गेल्या, एक्कावन्न. बरोबर असेल तर एक्कावन्न.

वाऱ्याने टॉवर बंद पडला असेल तरी फोन वाजणार नाही, हे मला ठाऊक आहे. वहाळाला पाणी चढलं असेल. पोर माळावर उभी राहून नंबर लावत असेल आणि लागत नसेल, असंही होऊ शकतं. सिस्टरला विचारलं, ती म्हणाली, "झोप आता, उद्या उळवी आहे." मी फोन चार्जिंगला लावला, आवाज पूर्ण वाढवला आणि उशीजवळ, कानाच्या बाजूला ठेवला.